एकास त्रेचाळीस

प्रिय आप्पा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी आईंना विचाराल, की हा क्रेनवाला वीस मिनिटांवर राहतो, याला पत्र लिहायचं काय सुचलं. विचारणं रास्त आहे. पण समोर बसलो की आपलं बोलणं प्रायमर सुकला का आणि चाकं सरळ बसली का, यापलीकडे जात नाही. तुम्ही गप्प आणि मी तुमच्याहून गप्प. फोनवर तर तुम्ही एकदा ‘हं’ आणि एकदा ‘बरं’ म्हणता आणि फोन आईंकडे देता. तेव्हा म्हटलं, लिहावंच. गेले दोन रविवार मी आलो नाही, त्याबद्दलही सांगायचं आहे. ते ओघाने येईल. सुरुवात मात्र पार पहिल्या दिवसापासून करतो. या सगळ्यातली तुमची बाजू तुम्हाला माहीत आहे, माझी मी कधी सांगितलीच नाही.

तुमची लेक मला पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा जिन्यातच तिने दोन सूचना दिल्या होत्या. चहाला नाही म्हणायचं नाही आणि कपाटाला हात लावायचा नाही. घरात तिला सगळे मुकादम का म्हणतात, ते मला त्या जिन्यातच कळलं. चहा मी दोनदा घेतला. कपाटाला हातही लावला नाही. पण तुम्हीच ते उघडलंत. भिंतभर काच आणि आत सत्तावन्न गाड्या, सगळ्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शर्यतींतल्या. प्रत्येकीखाली लाकडी पट्टी आणि पट्टीवर साल. खरी गाडी त्रेचाळीसपट लहान केली की एवढी होते, असं म्हणून तुम्ही ती हिरवी जॅग्वार बाहेर काढलीत. ड्रायव्हरच्या डोक्यामागे माशासारखा पर असलेली. ती तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलीत. माझे हात तुम्ही पाहिलेच आहेत, त्यांना फावडीच म्हणायची. मी ती जरा तिरकी धरायला गेलो आणि मोहरीएवढा आरसा निखळून खाली पडला. तुम्ही रागावला नाहीत. ओल्या बोटाने आरसा टिपलात, आगपेटीत ठेवलात आणि म्हणालात, “असू द्या, असू द्या.”

त्या ‘असू द्या’ने माझी पुढची सहा वर्षं खाल्ली. रागावला असतात तर सोपं गेलं असतं. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, पण आपल्या घरात ग्रह तुम्ही होता. दर महिन्याला जेवायला यायचो, तुम्हाला तब्येत विचारायचो, तुम्ही मला ‘काम कसं चाललंय तुमचं’ विचारायचा आणि मी कपाटापासून चार हात लांबची खुर्ची धरून बसायचो. मुकादमला याची फार गंमत वाटायची. ती म्हणायची, बंदरात तीस टनांची पेटी दोन बोटांच्या फटीत उतरवणारा माणूस आमच्या घरी चमचासुद्धा जपून उचलतो. तुमच्याबद्दल मला जे कळलं ते तिच्याकडूनच. तुम्ही जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यात, तोच मेणाचा ठसा, तीच कानस, तेच भिंग रविवारी गाड्यांना लावलंत, आणि तुमच्या सगळ्या ड्रायव्हरांचे चेहरे गुलाबी आहेत कारण ते हिरड्यांच्या रंगाने रंगवलेले आहेत. हे तिने मला जेवणाच्या टेबलावर, तुमच्यासमोर, कानात सांगितलं होतं. मला ठसका लागला आणि तुम्ही पाणी पुढे केलंत. त्या ठसक्याचं कारण आज सांगतोय.

मग ती आजारी पडली. त्याबद्दल लिहीत नाही. अकरा आठवडे तुम्ही आणि मी तिच्या खाटेशेजारच्या त्याच दोन खुर्च्यांवर बसलो, त्यातलं तुम्हाला माहीत नाही असं माझ्याकडे काही नाही.

त्यानंतरचं मात्र आहे. ती गेल्यावर मी तुमच्याकडे यायचं बंद केलं. कामावर जायचो, वर केबिनमध्ये बसायचो, उतरायचो. वरून ट्रक अगदी तुमच्या कपाटातल्या गाड्यांसारखे दिसतात, आणि त्या दिवसांत मला तेही बघवत नव्हतं. माझे वडील मी तीन वर्षांचा असताना गेले हे तुम्हाला माहीत आहे. ज्या काकांनी वाढवलं तेही लग्नाआधीच गेले. म्हटलं, आता आपलं इथे कोण आहे? दुसऱ्या बंदरात, जिथे कोणी ओळखत नाही तिथे बदली मागायची असं ठरवलं आणि अर्ज लिहिला. आप्पा, चौथ्या आठवड्यात तुम्ही बंदराच्या फाटकाशी उभे होता, त्या दुपारी तो अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात होता. पाळी संपली की कचेरीत देऊन घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

तुम्ही रखवालदाराच्या स्टुलावर बसला होता, मांडीवर बुटांच्या खोक्याएवढं खोकं. मला वाटलं तिचं काही राहिलेलं सामान आणलंत. तुम्ही उठलात आणि म्हणालात, “रविवारी ये. ही गाडी करायचीय. माझे हात हल्ली थरथरतात, एकट्याला जमायचं नाही.” मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सहा वर्षं तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणत होता आणि त्या दिवशी फाटकाशी ‘ये’ म्हणालात. खोकं तुम्ही परत घेऊन गेलात, कारण ते माझ्याकडे ठेवलं असतंत तर मी आलो नसतो, हे तुम्ही ओळखलं होतंत. अर्ज मी त्या दिवशी दिला नाही. रविवार होऊन जाऊ दे, मग देऊ म्हटलं. तो अजून द्यायचाच आहे.

पहिल्या रविवारी तुम्ही मला फक्त धुवायला लावलंत. ओतीव धातूचे तुकडे, दरवाजे, बॉनेट, सीटं, सगळं साबणाच्या कोमट पाण्यात, जुन्या दातांच्या ब्रशाने. दुसऱ्या रविवारी कानस. ओतताना कडेला राहिलेली धातूची पापुद्र्यासारखी कड घासून काढायची, पण गाडीची रेघ मोडायची नाही. मी पहिल्याच तासात एका चाकावरची कमान सपाट केली. तुम्ही ती पुटीन भरून परत उभी केलीत आणि मला म्हणालात, की क्रेन चालवताना तू पेटी ढकलतोस की उतरवतोस? मी म्हटलं, उतरवतो. तुम्ही म्हणालात, मग कानसही तशीच. एवढंच शिकवणं. पण हाताला ते कळलं. त्या रात्री मला नीट झोप लागली होती, हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

असे रविवार गेले. आई दहाला चहा आणायच्या, एकला जेवायला हाक मारायच्या, आणि मधल्या वेळात तुम्ही शर्यती सांगायचा. चोवीस तासांच्या शर्यतीत ड्रायव्हर रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, झेंडा पडला की पळत येऊन गाडीत उड्या मारायचे. हे सांगताना एकदा तुम्ही स्वतः खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून दाखवलंत आणि आई धावत आल्या, काय पडलं म्हणून. कित्येक महिन्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा ओठांच्या कडेने का होईना, हसलो. तुम्ही पाहिलंत आणि लगेच खाली बघून रंग ढवळायला लागलात.

आणि मग दुसऱ्या वर्षी आपण तो पिंजरा हातात घेतला. माझेराटीची ती गाडी, जिचा सांगाडा बारीक नळ्या जोडून केलेला होता, खऱ्या गाडीत दोनशेच्या आसपास. आपण त्या केसापेक्षा जरा जाड तांब्याच्या तारेतून करायच्या ठरवल्या. एकेक तुकडा कापायचा, चिमट्याने धरायचा, सोल्डरचा थेंब द्यायचा. तुम्ही म्हणालात, माझ्या हातांनी हे शक्य नाही, जोड सगळे तुलाच द्यावे लागतील. चौदा महिने लागले. आठव्या का नवव्या महिन्यात एकदा मी स्वयंपाकघरात ब्रश धुवायला गेलो होतो आणि पाणी लवकर बंद केलं. दारातून पाहिलं तर तुम्ही भिंग लावून माझे वाकडे जोड सोडवून परत देत होता. एक, दोन, तीन, चार. तुमचा हात दगडासारखा स्थिर होता. मी पाय वाजवला, तसा चिमटा खाली आला आणि बोटं थरथरायला लागली. मी ब्रश पुसत येऊन जागेवर बसलो. संध्याकाळी घरी जाताना मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला, की तुम्ही अजूनही आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यासाठी कवळ्या करत होता. थरथरत्या हातांच्या माणसाकडून दात कोण करून घेईल? आपण दोघांनी पुढची अडीच वर्षं अळीमिळी गुपचिळी पाळली. तुम्ही थरथरत राहिलात आणि मी जोड देत राहिलो. आता हे गुपित मी फोडतोय. रागावू नका.

तिचं नाव आपण पहिली दोन वर्षं काढलं नाही. तिसऱ्या वर्षी एका रविवारी वीज गेली होती, सोल्डरिंग आयर्न थंड पडलं होतं, तेव्हा तुम्ही कपाटाच्या खालच्या फळीवरून एक निळी गाडी काढलीत. तिच्या ड्रायव्हरला हेल्मेटखालून दोन वेण्या होत्या. मुकादम नऊ वर्षांची असताना कपाटापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती म्हणे, की एवढ्या गाड्यांत एकही मुलगी का नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत जेवणार नाही. तुम्ही त्याच दुपारी वेण्या रंगवून दिल्यात. ते सांगून झाल्यावर आपण दोघंही बराच वेळ त्या गाडीकडे बघत होतो. मग तुम्ही जे म्हणालात ते मी शब्दन् शब्द जपून ठेवलंय. “जावई लेकीमुळे असतो. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता हाही जाईल. एकाच महिन्यात दोघं नको होती मला.” मग वीज आली आणि तुम्ही आयर्न तापलं का बघायला सांगितलंत. 

आता गेल्या वर्षाचं. हे मी तुमच्यापासून लपवलं. आमच्या बंदरात वजनकाट्यावर नवीन बाई आल्या. आधी ओळख झाली ती आवाजाची. वर केबिनमध्ये वायरलेसवर त्या वजनं सांगायच्या, अमुक टन, तमुक किलो, आणि शेवटी प्रत्येक वेळी ‘सावकाश’. नियमात तो शब्द नाही. बाकी क्रेनवाल्यांना विचारलं, तर त्यांनाही त्या ‘सावकाश’ म्हणतात, त्यामुळे मी काही भलतं समजलो नव्हतो. एकदा कँटीनमध्ये त्यांनी माझ्या नखांत लाल रंग पाहिला आणि काही लागलंय का विचारलं. मी पिंजऱ्याबद्दल सांगायला लागलो. जेवणाची सुटी संपली तरी मी एकशे चाळिसाव्या नळीवरच होतो. त्यांचंही एक घर मोडलेलं आहे, त्याबद्दल त्या थोडक्यात बोलतात, रडगाणं नाही. महिन्याभराने त्यांनी विचारलं, की रविवारी तुम्ही काय करता. मी म्हटलं, सासरी जातो. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग सगळं सांगितलं, तुमचं, मुकादमचं, खोक्याचं. त्या म्हणाल्या, “मग आपण रविवार सोडून भेटू.” आप्पा, त्या वाक्यानंतर माझ्या मनात काही शंका उरली नाही.

पण तुम्हाला सांगायचं कसं? सात महिने मी दर रविवारी ठरवून यायचो आणि पॉलिशपेपर हातात आला की गिळून टाकायचो. तुमच्या लेकीच्या घरात, तिच्या खुर्चीवर बसून, दुसऱ्या बाईचं नाव कोणत्या तोंडाने घ्यायचं? आणि खरं सांगायचं तर भीती निराळीच होती. लेकीमुळे जावई असतो, असं तुम्हीच म्हणाला होता. मी दुसरं घर मांडलं की तुमचा कोण राहणार? म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही न उघडलेलं खोकं माझ्या पिशवीत घातलंत आणि म्हणालात, की ही गाडी घरी कर, पुढच्या रविवारी इथे येऊ नकोस, तेव्हा मला वाटलं कुठून तरी तुमच्या कानावर गेलं आणि झालं, संपलं. मी ‘बरं’ म्हटलं. बसमध्ये बसलो आणि दोन थांबे पुढे गेलो, तरी उतरायचं भान नव्हतं. पुढचा रविवार घरात काढला. त्याच्या पुढचाही. खोकं उघडलं नाही.

परवा आईंचा फोन आला. त्या कधी इतकं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं, की महिन्याभरापूर्वी तुम्ही चपला दुरुस्त करायला बाजारात गेला होता आणि रस्त्याच्या पलीकडे दिव्यांच्या दुकानात आम्ही दोघं टेबलावरचा दिवा निवडत होतो. दुकानदाराने काही तरी विचारलं आणि मी मोठ्याने हसलो, रस्त्यापलीकडे ऐकू येईल इतकं. तुम्ही हाक मारली नाहीत. चपला तशाच घेऊन घरी आलात आणि आईंना म्हणालात, “तो हसत होता. आपण त्याच्या रविवारांवर बसून राहिलोय.” आई म्हणाल्या, की खोकं देऊन मला मोकळं करायचं तुम्हीच ठरवलंत, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी टेबलावर तारा कापायच्या दोन पाट्या, तुमची आणि माझी, मांडता, मग माझी उचलून ठेवता. शेवटी म्हणाल्या, “दोघंही वेडे आहात. एकाने तरी बोला.” फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. पण आप्पा, ते चांगलं रडणं होतं.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, त्याचे आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘असू दे’ म्हणाल, म्हणून कागदावर मानतो, इथे तुम्हाला अडवता येणार नाही. तुम्ही मला सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत, त्याबद्दल आभार. स्वतःचं दुःख टेबलाखाली ठेवून माझ्या हातात कानस दिलीत, त्याबद्दल. चार वर्षं खोटं थरथरलात, त्याबद्दल. आणि मला जाऊ द्यायची तयारी केलीत, त्याबद्दलही, फक्त ती तयारी मला नको आहे. माझ्या रविवारांवर कोणी बसलेलं नव्हतं. ते होते म्हणून बाकीचे सहा वार मला परत मिळाले.

आता पत्राचं खरं कारण. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला नोंदणी कचेरीत आमचं लग्न आहे. काल मी फॉर्म भरायला गेलो होतो. त्यात वराच्या बाजूने सही करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं नाव लिहायचं असतं. मी तुमचं लिहिलं. त्यापुढे नात्याचा रकाना होता. मी ‘सासरे’ लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने वाचलं आणि विचारलं, हे वधूचे वडील का? मी म्हटलं, नाही, माझ्या बाजूचे. तो म्हणाला, वराच्या बाजूने सासरे कसे असतील, नीट काय ते लिहा, मागे रांग आहे. काट्यावरच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं नाही की काही सुचवलं नाही, नुसत्या थांबल्या. मी ‘सासरे’ खोडलं आणि वर ‘वडील’ लिहिलं. लिहिताना तुम्हाला विचारलं नव्हतं, आप्पा. म्हणून हे पत्र.

तुमचाच,
क्रेनवाला